जोडीदाराच्या स्थलांतरासाठी आर्थिक हमी

परदेशात स्थायिक झालेल्या व्यक्तीने पती किंवा पत्नीला कायम वास्तव्यासाठी बोलावून घेताना, येणाऱ्याचा भार तेथील सरकारी मदतीवर पडणार नाही याची जी पुराव्यानिशी खात्री द्यावी लागते, तिला आर्थिक हमी म्हणतात. मराठवाड्यात परदेशातले स्थळ पाहताना मुलाच्या पॅकेजबरोबर घरच्या शेतीचीही चौकशी होते. हमीच्या हिशेबात मात्र भर तिकडच्या उत्पन्नावर असतो आणि इकडची जमीन क्वचितच कामी येते.

अमेरिकेत १९९६च्या कायद्याने ही हमी न्यायालयात बजावता येईल अशी झाली. 'आय-८६४' या प्रतिज्ञापत्रानुसार हमीदाराचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. २०२५मध्ये दोघांच्या कुटुंबासाठी ही रक्कम वर्षाला २६,४३७ डॉलर होती. उत्पन्न अपुरे पडल्यास अट पूर्ण करणारा दुसरा सहहमीदार उभा करता येतो, किंवा मालमत्ता दाखवता येते. ती अमेरिकी नागरिकाच्या जोडीदारासाठी तुटीच्या तिप्पट आणि ग्रीनकार्डधारकाच्या जोडीदारासाठी पाचपट लागते. नागरिक असलेल्या हमीदाराचे उत्पन्न २०,००० डॉलर असेल, तर ६,४३७ची तूट भरून काढण्यासाठी १९,३११ डॉलरची मालमत्ता दाखवावी लागेल.

शेतीचा प्रश्न येथेच येतो. येणाऱ्या जोडीदाराची स्वतःची मालमत्ताही धरली जाते, पण ती मोठे नुकसान न सोसता वर्षभरात रोखीत रूपांतरित होणारी आणि देशाबाहेर नेता येणारी हवी. बीड किंवा लातूर जिल्ह्यातल्या एखाद्या कुटुंबाकडे पंधरा एकर जमीन असली, तरी सातबारा वडिलांच्या नावे असतो, वाटणी झालेली नसते आणि 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा चढलेला असतो. जमीन भोगवटादार वर्ग-२ची असेल तर विक्रीला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. निजामकालीन इनामातून आलेल्या जमिनींवर अशी बंधने विशेष आढळतात. ज्या जमिनीची किंमत गावात सर्वांना तोंडपाठ असते, ती व्हिसा अधिकाऱ्यापुढे बोजा वजा जाऊन, हिश्श्यापुरतीच आणि तीही नोंदणीकृत मूल्यांकनकाराच्या अहवालानेच मांडता येते. शिवाय भारतातील रहिवाशाला उदारीकृत प्रेषण योजनेखाली आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवता येते.

हमीची मुदत हा सर्वांत दुर्लक्षित, पण माहेरच्यांनी आवर्जून समजून घ्यावा असा भाग आहे. अमेरिकेतील बंधन घटस्फोटाने संपत नाही. येणारी व्यक्ती नागरिक होईपर्यंत, तिच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाह्या (साधारण दहा वर्षांचे काम) जमा होईपर्यंत, तिने देश कायमचा सोडेपर्यंत किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू होईपर्यंत ते टिकते, आणि आधार नाकारला गेल्यास तिला हमीदाराविरुद्ध दावा लावता येतो. नांदेडहून वा परभणीहून गेलेल्या मुलीला तिकडे नोकरी नसताना संसार मोडला, तर हा हक्क माहीत असणे फार मोलाचे ठरते.

ब्रिटनमध्ये २०१२पासून वर्षाला १८,६०० पौंडांची असलेली किमान उत्पन्नाची मर्यादा ११ एप्रिल २०२४ रोजी २९,००० पौंड झाली. उत्पन्न अजिबात नसेल तर ८८,५०० पौंडांची बचत दाखवता येते आणि ती साधारणपणे सहा महिने खात्यात असावी लागते. घर किंवा शेत तेथे बचत म्हणून धरत नाहीत. ते विकून आलेली रोकड मात्र चालते. कॅनडात क्वेबेक प्रांताखेरीज इतरत्र जोडीदारासाठी सहसा किमान उत्पन्नाची अट नसते, मात्र तीन वर्षांची जबाबदारी लेखी स्वीकारावी लागते.

छत्रपती संभाजीनगर किंवा लातूरहून नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या अभियंत्यांना यांतील बऱ्याच अटी लागू होत नाहीत. एच-१बी धारकाच्या पत्नीला मिळणारा एच-४ व्हिसा तात्पुरता असतो, त्यासाठी 'आय-८६४' भरावे लागत नाही. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या जोडीदारासाठी, मालकाने हमी घेतली नसल्यास, २८ दिवस खात्यात असलेले २८५ पौंड दाखवले की पुरते.