दोन रुपये टाकू का, काका?

बिल झालं 418 रुपये. गल्ल्यावरच्या मुलीने स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, "काका, दोन रुपये डोनेशन टाकू? चारशे वीस होतील." मागे सहा-सात माणसं उभी. मी "टाक, टाक" म्हटलं आणि क्यूआर कोडवर मोबाइल धरला. माझ्यामागच्या मावशींनाही तोच प्रश्न आला. "नको गो बाय, देवळाची वर्गणी द्यायची हाय अजून," म्हणत त्यांनी पिशवी उचलली नि चालू लागल्या. मी दोन रुपये दिले होते आणि रिक्षात बसेपर्यंत धुमसत होतो. त्यांनी काहीच दिलं नव्हतं, पण त्या मजेत होत्या.

रत्नागिरीत दोन रुपयांत कटिंगसुद्धा येत नाही. मग राग आला कशाचा?

दान का करतो, यावर अर्थशास्त्रज्ञ बरीच वर्षं डोकं खाजवत आहेत. जेम्स आंद्रेओनी यांनी 1990 मध्ये मांडलं, की समोरच्याचं भलं व्हावं एवढ्यासाठीच माणूस देत नाही. देण्यातून त्याला स्वतःलाही एक ऊब मिळते. हे पटण्यासारखं आहे. पण एवढंच खरं असेल, तर कुणी मागायला आलं की आपल्याला आनंद व्हायला हवा. वर्गणीवाली पोरं फाटकाशी दिसली की आपण टीव्हीचा आवाज कमी करतो, त्याचं काय?

नेमकं हेच स्टेफानो देलाव्हिन्या, जॉन लिस्ट आणि उल्रिक मालमेंडियर यांनी शिकागोच्या आसपासच्या वस्त्यांत तपासलं. 2012 मध्ये त्यांचा निबंध छापून आला. काही घरांच्या दाराला त्यांनी आदल्या दिवशी चिठ्ठी अडकवली: उद्या अमुक वेळेला देणगीसाठी येतोय. एवढ्यानेच दार उघडणारे 9 ते 25 टक्क्यांनी घटले. दुसऱ्या चिठ्ठीवर 'आमच्याकडे येऊ नका' अशी खूण करायची सोय ठेवली, तर देणगी देणारेच 28 ते 42 टक्क्यांनी कमी झाले. गळाले ते मुख्यतः दहा डॉलरच्या आतले. म्हणजे छोट्या देणग्यांतला बराचसा पैसा उबेपोटी नव्हे, तर समोरच्याला नाही म्हणण्याच्या संकोचापोटी येत होता. माझे दोन रुपये त्याच जातीचे.

स्वतः आंद्रेओनींनी पुढे जस्टिन राव आणि हॅना ट्रॅक्टमन यांच्याबरोबर एका सुपरमार्केटच्या दारात प्रयोग केला, तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. नाताळचे दिवस, हातात घंटा घेऊन देणगी गोळा करणारे स्वयंसेवक. कधी एका दारात उभे, कधी दोन्ही दारांत. कधी गप्प, कधी तोंडाने "कृपया द्या" म्हणणारे. तोंडाने मागितलं की देणाऱ्यांची संख्या चांगलीच वाढली. पण असा तोंडाने मागणारा एकाच दारात असला, तर जवळजवळ एक तृतीयांश लोक दुसऱ्या दाराने पसार झाले. ही माणसं कंजूष नव्हेत, असं संशोधकांना वाटतं. त्यांना स्वतःचा स्वभाव पक्का ठाऊक असतो: समोर कुणी हात पसरला की आपण विरघळणार. म्हणून तो हात दिसणारच नाही अशी वाट ती आधीच धरतात.

प्रयोगशाळेत तर या पळवाटेचा भावही निघाला. 2006 च्या एका प्रयोगात लोकांना सांगितलं, दहा डॉलर घ्या, त्यातले किती दुसऱ्याला द्यायचे ते तुम्ही ठरवा. किंवा नऊ घेऊन गुपचूप निघून जा, दुसऱ्याला काही कळणार नाही. खरं तर दहाचे दहा स्वतःकडे ठेवायलाही कुणाची आडकाठी नव्हती. तरी सुमारे तिसऱ्या हिश्श्याने लोकांनी नऊच घेतले. एक डॉलर गेला तो प्रश्न टाळण्यावर.

आता आमचा शिमगा घ्या. फाल्गुनात मुंबईहून चाकरमान्यांच्या गाड्या गावात शिरू लागल्या, की पोरं रस्त्यावर दोरी आडवी धरतात आणि पोस्त मागतात. दान मागण्याची याहून बळजोरीची तऱ्हा नसेल, दुसरं दारच नाही! आणि तरीही माझा मेहुणा पेणच्या पुढेच दहादहाच्या नोटा काढून डॅशबोर्डवर ठेवतो. दोरी धरणारा कुणाचा नातू ते त्याला माहीत असतं. पैसे कुठे जाणार तेही माहीत असतं. शिवाय "परत येताना देतो रे" हे उत्तर तिथे चालतं. दोघांनाही ठाऊक असतं की तो देणार नाही, तरी दोरी खाली येते. गल्ल्यावर असं मधलं उत्तर नाही. हो किंवा नाही, आणि तेही बटण दाबायच्या आत.

नमनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याच्या, रात्री बक्षीस दिलं, की माइकवरून नावासकट पुकारा होतो: अमुक वाडीचे अमुक, एकशे एक रुपये. चार लोकांसमोर देताना हात सैल होतो, हे मोजलेलं आहे. कोस्टा रिकातल्या पोआस राष्ट्रीय उद्यानात पर्यटकांनी मागणाऱ्याच्या समोर दिलेल्या देणग्या एकांतात दिलेल्यांपेक्षा 25 टक्क्यांनी जास्त भरल्या. दुकानाने यातलं अर्धंच उचललं आहे, आणि माझी खरी तक्रार तीच. नाही म्हणायचं ते रांगेसमोर, दिलं तर मात्र बेनामी. लाज आमची आणि मानही नाही. पैसे कोणत्या संस्थेला जाणार, हे त्या मुलीलाही सांगता आलं नाही. अर्थात तिचा काय दोष? तिला दिवसभर प्रत्येकाला तेच विचारायला लावलेलं.

दुकानं तरी हे का सोडत नाहीत, याचं उत्तर साधं आहे: पैसा जमतो. अमेरिकेत 2022 मध्ये गल्ल्यावर दहा लाख डॉलरहून जास्त गोळा करणाऱ्या 77 मोहिमांनी मिळून 74.9 कोटी डॉलर उभे केले. त्यात पूर्णांकाची युक्ती कामी येते. "दोन रुपये द्या" यापेक्षा "418 चे 420 करू?" हे कमी बोचतं, रक्कम तीच असली तरी. असा निष्कर्ष 2019 च्या एका अभ्यासात निघाला आहे. पैसे खिशातून जाताना मनाला एक चिमटा बसतो. रक्कम गोल झाली की तो सौम्य होतो. गंमत अशी, की आमच्याकडे दानाचा आकडा मुद्दाम गोल ठेवत नाहीत. शंभरावर एक चढवल्याशिवाय पाकीट पुरं होत नाही.

पूर्वी वाण्याच्या गल्ल्याशेजारी पत्र्याचा डबा असायचा. दोन रुपये परत आले की काही जण ते त्यात टाकायचे. ते सुट्टे मनाने आधीच खर्ची पडलेले असत, आणि डबा तोंडाने काही मागत नसे. 2016 मध्ये यूपीआय आलं आणि पुढे सुट्ट्यांचा प्रश्नच मिटला. 418 म्हणजे बरोबर 418. डबा अजून आहे, त्यात पेन ठेवलेली असतात.

ऑनलाइन खरेदीत तर विचारण्याचीही तसदी काही जण घेत नसत. देणगीच्या चौकटीत खूण आधीच केलेली, काढायची तर आपण शोधून काढा. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्राने अशा 13 फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहकाच्या संमतीशिवाय बिलात देणगी घुसवणं त्यात नाव घेऊन बसलं आहे. लाज वाटेल असं बटण ठेवणं हीही एक क्लृप्ती. त्याचं सरकारने दिलेलं उदाहरण वाचून मला हसू आलं: देणगी नको असेल तर ग्राहकाने जे बटण दाबायचं, त्यावर लिहिलेलं, 'दानधर्म श्रीमंतांसाठी, मला काय त्याचं.' गल्ल्यावरची मुलगी निदान विचारते तरी, हे मान्य करायला हवं.

परवा पुन्हा त्याच दुकानात गेलो. तिच्या काउंटरवर दोनच माणसं होती. पलीकडे नवा पोरगा बसला होता, तो काही विचारत नाही हे मी आधीच हेरून ठेवलं होतं. त्याच्यापुढे आठ जणांची रांग. मी आठव्याच्या मागे जाऊन उभा राहिलो.