जँगोच्या फॉर्मला वापरकर्ता कसा कळतो?

ड्रॉपडाउनमध्ये लॉगिन केलेल्या माणसाचेच प्रकल्प दिसावेत, एवढीच मागणी असते. जँगो हे पायथॉनमधलं वेब फ्रेमवर्क नव्याने शिकणारा नेमका इथे अडतो, कारण कोण लॉगिन आहे हे रिक्वेस्टमधून, म्हणजे ब्राउझरकडून आलेल्या विनंतीतून कळतं, आणि फॉर्मला रिक्वेस्ट ठाऊकच नसते.

कॅन्ससमधल्या लॉरेन्स शहरातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत घडलेला जँगो 2005 मध्ये सर्वांसाठी खुला झाला. तेव्हा फॉर्मचं काम ‘मॅनिप्युलेटर’ करत. 2007 च्या 0.96 आवृत्तीत ‘न्यूफॉर्म्स’ आलं आणि 2008 च्या 1.0 मध्ये तेच ‘फॉर्म्स’ झालं. हा नवा फॉर्म फक्त डेटा मागतो. तो कुठून आला हे विचारत नाही. त्यामुळे रिक्वेस्टशिवायही त्याची चाचणी घेता येते. हा निर्णय मला आजही योग्य वाटतो.

मग वापरकर्ता आत न्यायचा कसा? रूढ झालेली पद्धत अशी: ‘इनिट’ (फॉर्म तयार होताना चालणारी मेथड) नव्याने लिहायचं, वापरकर्ता ज्यातून येतो ते आपलं आर्ग्युमेंट ‘पॉप’ने आधी काढून घ्यायचं आणि मगच ‘सुपर’ला, म्हणजे मूळ क्लासच्या इनिटला, हाक मारायची. ते काढलं नाही तर मूळ क्लास अनोळखी आर्ग्युमेंट पाहून टाइपएरर देतो. क्वेरीसेट (ड्रॉपडाउनसाठी डेटाबेसमधून निवडलेल्या नोंदी) मात्र ‘सुपर’नंतर बदलायचा, कारण त्या फॉर्मपुरती फील्ड्सची प्रत तिथेच तयार होते. काही जण वापरकर्त्याचा आयडी लपवलेल्या फील्डमध्ये ठेवतात. तसं करू नये. ब्राउझरमधून तो कुणालाही बदलता येतो. क्वेरीसेटच मर्यादित केला, तर बाहेरचा आयडी पडताळणीतच नाकारला जातो.

2011 च्या 1.3 मध्ये क्लासवर आधारित व्ह्यू आले आणि त्यांच्यासोबत फॉर्मला द्यायची आर्ग्युमेंट ठरवणारी ‘गेट-फॉर्म-क्वार्ग्ज’ ही मेथड. आर्ग्युमेंट कुठून द्यायचं, याला एक ठरलेली जागा मिळाली.

फॉर्मसेटचं, म्हणजे एकाच पानावरच्या अनेक सारख्या फॉर्मच्या गटाचं, दुखणं मात्र राहिलं. तिथे प्रत्येक फॉर्म फॉर्मसेटच तयार करतो, आपल्या हाती काही नसतं. मग लोक जँगोच्याच ‘करी’ या, काही आर्ग्युमेंट आधीच भरून ठेवणाऱ्या, फंक्शनमध्ये फॉर्म गुंडाळून, वर ‘स्टॅटिकमेथड’ लावून काम भागवत. स्टॅटिकमेथड विसरलं की फॉर्मसेट स्वतःच पहिलं आर्ग्युमेंट म्हणून आत शिरे. शिवाय क्लासच्या जागी फंक्शन बसल्याने क्लासचे गुणधर्म वाचणारा कोड मोडे. डिसेंबर 2015 मधल्या 1.9 ने फॉर्मसेटला ‘फॉर्म-क्वार्ग्ज’ दिलं, ज्यातली आर्ग्युमेंट प्रत्येक फॉर्मला मिळतात. प्रत्येक फॉर्मला वेगळी किंमत हवी असेल, तर क्रमांक घेणारी मेथडही दिली.

2019 च्या 3.0 मध्ये ‘करी’ काढून टाकलं गेलं. जुना प्रकल्प वर आणताना त्या इम्पोर्टवर गाडी अडली, तर पायथॉनच्या तशाच ‘पार्शल’ने वेळ मारून नेता येते, पण फॉर्मसेटमध्ये तिथे सरळ ‘फॉर्म-क्वार्ग्ज’ लिहावं.