केबल निघाली म्हणून माहिती गेली असं नसतं

सर्व्हरची धूळ झाडताना हात लागतो, वीजपुरवठ्याची वायर ढिली होते आणि चारपैकी दोन हार्ड डिस्क एकदम बंद पडतात. वायर पुन्हा घट्ट बसवली तरी एकत्र मिळून काम करणाऱ्या या डिस्कचा संच, म्हणजे अ‍ॅरे काही चालू होत नाही. वर्षानुवर्षांचे फोटो आणि हिशेब त्यात असतील तर पोटात गोळाच येतो. पण अशा वेळी बहुतेकदा चारही डिस्क ठणठणीत असतात आणि माहितीही जागेवर असते. खरं नुकसान होतं ते पुढच्या अर्ध्या तासात, घाईघाईने दिलेल्या कमांडमुळे.

अशा अ‍ॅरेला ‘रेड’ म्हणतात. १९८८ साली बर्कले विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी आपल्या शोधनिबंधात ही कल्पना मांडली: एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क, आणि त्यातली एखादी बिघडली तरी काम चालावं म्हणून थोडी जादा माहिती. रेड-५ या तिच्या एका प्रकारात या जादा माहितीला पॅरिटी म्हणतात. समजा, तीन डिस्कवर एकाच जागी १, ० आणि १ आहेत. एकूण ‘१’ सम संख्येने यावेत असा नियम, म्हणून चौथ्या डिस्कवर ० लिहिला जातो. दुसरी डिस्क गेली तर उरलेल्या १, १, ० वरून तिथे ० होता हे लगेच कळतं. दोन डिस्क गेल्या की समीकरण एक आणि अज्ञातं दोन. गणित तिथेच अडतं.

मग दोन्ही डिस्क परत जोडल्यावरही अ‍ॅरे का अडून बसते? लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रत्येक डिस्कवर सुपरब्लॉक नावाचा छोटा भाग असतो. ही डिस्क कुठल्या अ‍ॅरेची, तिचा क्रम कितवा, शेवटची नोंद कधीची, हे सगळं त्यात असतं. त्यातच ‘इव्हेंट काउंट’ हा आकडा असतो. अ‍ॅरेची स्थिती बदलली की तो वाढतो. सुटलेल्या डिस्कवरचा आकडा मात्र तिथेच थांबतो. आकडे जुळेनात म्हणून लिनक्स अ‍ॅरे सुरू करायला नकार देतं, आणि ते योग्यच आहे.

म्हणून आधी काही न लिहिता चारही सुपरब्लॉक वाचायचे आणि ती माहिती दुसऱ्या संगणकावर जपून ठेवायची. दोन डिस्कवर १८४५२ आणि सुटलेल्या दोघींवर १८४४७ दिसलं, तर काळजी कमी. फरक शेवटच्या काही क्षणांचा आहे. पण एकीवर ९२१० आणि तारीख काही महिन्यांपूर्वीची असेल, तर ती डिस्क तेव्हाच बाहेर पडली होती आणि कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तिला बाजूलाच ठेवायचं. तिच्यावरचा जुना मजकूर नव्या पॅरिटीत मिसळला तर फायलींचा चिवडा होतो.

त्यानंतर लिनक्समधली रेड सांभाळणाऱ्या एमडी-अ‍ॅडमची ‘असेंबल’ कमांड ‘फोर्स’ पर्यायासह द्यायची. थोडी मागे पडलेली डिस्क ती चालू आकड्यावर आणते आणि अ‍ॅरे उभी राहते. ‘क्रिएट’ ही कमांड मात्र फार जपून. ती सुपरब्लॉक नव्याने लिहिते. डिस्कचा क्रम, तुकड्याचा (एका डिस्कवर सलग लिहून मग पुढच्या डिस्कवर जायचं, तेवढ्या माहितीचा) आकार किंवा माहिती सुरू होण्याची जागा यातलं काहीही चुकलं आणि पॅरिटीची फेरजुळणी सुरू झाली, की चांगल्या माहितीवरच चुकीची पॅरिटी लिहिली जाते. माहिती सुरू होण्याच्या जागेचं ठरीव (डीफॉल्ट) मूल्य आवृत्तीगणिक बदलत आलंय, त्यामुळे ‘डीफॉल्ट असेल’ या भरवशावर राहू नये.

माझा आग्रह आहे की हे प्रयोग मूळ डिस्कवर करूच नयेत. लिनक्सचा डिव्हाइस मॅपर प्रत्येक डिस्कवर एक तात्पुरता थर चढवू शकतो: वाचन मूळ डिस्कवरून, लिखाण वेगळ्या फायलीत. चुकलं तर थर काढून टाकायचा. अ‍ॅरे ‘फक्त वाचण्यासाठी’ जोडली तरी काही फाइल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडून ठेवण्याच्या पद्धती) अर्धवट राहिलेला जर्नल, म्हणजे होऊ घातलेल्या बदलांची नोंद, लिहून पूर्ण करतात, म्हणूनही हा थर हवा. एखाद्या डिस्कवर खराब सेक्टर असतील तर आधी डीडी-रेस्क्यूने तिची पूर्ण नक्कल काढावी.

अ‍ॅरे उभी राहिली की मोठी फाइल उघडून बघायची. तुकडा साधारण ५१२ केबीचा असतो, त्यामुळे छोटी फाइल एकाच डिस्कवर मावते आणि क्रम चुकला असला तरी नीट उघडू शकते. व्हिडिओ शेवटपर्यंत चालला तर क्रम बरोबर. मग सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं आणि त्यानंतरच फाइल सिस्टिमची दुरुस्ती करायची. वायर निघाली त्या क्षणी जी फाइल लिहिली जात होती, तेवढी अर्धवट निघण्याची शक्यता राहते.