श्नायडर ट्रॉफी: खरी शर्यत उष्णतेशी

१९२७ ते १९३९ या काळात जगातला वेगाचा विक्रम पाण्यावरून उड्डाण घेणाऱ्या विमानांकडे, म्हणजे पाणविमानांकडे होता. याचं मूळ प्रोपेलरमध्ये आहे. तेव्हा पात्यांचा कोन कायमचा ठरलेला असे. तो मोठ्या वेगासाठी ठेवला, की सुरुवातीला पाती हवेत नीट पकड घेत नसत आणि उड्डाणाआधी फार लांब धाव लागे. तेवढं लांब मैदान मिळणं कठीण होतं, समुद्र मात्र मोकळा होता.

श्नायडर ट्रॉफी ही अशाच पाणविमानांची शर्यत. फ्रान्सच्या जाक श्नायडर यांनी १९१२ मध्ये जाहीर केलेली ही शर्यत पहिल्यांदा १९१३ मध्ये मोनाकोला झाली. पाच वर्षांत तीनदा जिंकणाऱ्या देशाला ट्रॉफी कायमची मिळणार होती.

पुढारलेलं तंत्र १९२३ मध्ये अमेरिकेच्या कर्टिस विमानांसोबत इंग्लंडमधल्या काउझच्या शर्यतीत पोहोचलं. इंजिनाचं पाणी थंड करणारा रेडिएटर बाहेर लटकला की हवेला फार अडवतो, म्हणून त्यांनी पंखाची कातडीच रेडिएटर केली. ब्रिटनच्या सुपरमरीन या विमान कंपनीत आर. जे. मिचेल यांनी ही कल्पना टोकाला नेली. त्यांच्या एस.६बी विमानात ड्युरालुमिन या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या दोन पत्र्यांमधल्या फटीतून पाणी फिरे. पंख पुरेनात, तेव्हा फ्लोटचे, म्हणजे विमानाला पाण्यावर तरंगवणाऱ्या खालच्या पोकळ तराफ्यांचे, वरचे पृष्ठभागही याच कामाला जुंपले गेले. तेल बाजूच्या नळ्यांतून शेपटीकडे जाई आणि उभ्या शेपटीतल्या टाकीत निवत परत येई. एवढं करूनही वैमानिकाची नजर पाण्याच्या तापमापकावर खिळलेली असे. तापमान चढलं की थ्रॉटल मागे घेऊन इंजिनाचा जोर कमी करायचा, म्हणजे प्रत्यक्ष वेग इंजिनापेक्षा थंडाव्यावर ठरायचा.

इंजिन होतं ३६.७ लिटरचं रोल्स-रॉइस ‘आर’. १९२९ मध्ये ते सुमारे १,९०० अश्वशक्ती देत होतं, १९३१ मध्ये २,३५०. नुसत्या पेट्रोलवर सिलिंडरमधल्या एवढ्या दाबात इंधन अवेळी भडकून ठोके बसले असते आणि पिस्टन जळाले असते. म्हणून बेन्झॉल, मिथेनॉल, पेट्रोल आणि थोडं टेट्राइथाइल लेड (ठोके रोखणारं शिशाचं संयुग) असं मिश्रण वापरलं. इंजिन प्रोपेलरला एका बाजूला फिरवताना विमानाला उलट्या बाजूला पिळत असे, त्यामुळे उड्डाणाच्या धावेत डावा फ्लोट पाण्यात दबे. त्याला तोल म्हणून इंधनाचा जास्त भार उजव्या फ्लोटमध्ये ठेवत.

१३ सप्टेंबर १९३१ रोजी एस.६बीने ताशी ५४७ किमी सरासरीने ट्रॉफी कायमची जिंकली. इटलीचं मॅकी एम.सी.७२ तयारच होऊ शकलं नाही. चाचणी-मंचावर नीट चालणारं त्याचं इंजिन उड्डाणात उलटे भडके देई, कारण समोरून वेगाने आत घुसणाऱ्या हवेचा दाब मंचावर नव्हताच. तो दाब देऊन जुळणी केल्यावर १९३४ मध्ये इटलीचे वैमानिक अजेल्लो यांनी त्याच विमानात ताशी ७०९.२ किमी वेग गाठला. पिस्टन-इंजिनाच्या पाणविमानांत तो विक्रम आजही अबाधित आहे.