पंपाची रचना आणि विजेचा खर्च : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पंपामुळे पर्यावरणावर पडणारा भार म्हटले की ओतकामाची भट्टी डोळ्यांसमोर येते. हिशेब मात्र वेगळेच सांगतो. इंडक्शन भट्टीत एक टन बीड वितळवण्यास साधारण 600 युनिट वीज लागते, म्हणजे आमच्या 7.5 अश्वशक्तीच्या पंपातील सुमारे 60 किलो बिडासाठी 36 युनिट. पूर्ण भाराने चालणारा हाच पंप तेवढी वीज सहा तासांत खातो. साचेकाम, मशीनिंग आणि वाहतूक धरून हा आकडा कित्येक पटींनी वाढवला, तरी वर्षाला 4,000 तास चालणाऱ्या पंपाच्या वीजवापरापुढे तो किरकोळच ठरतो. म्हणून पंपाची रचना करताना आम्ही आधी त्याच्या चालण्याचा विचार करतो.

5.5 किलोवॉटच्या (7.5 अश्वशक्तीच्या) चार पोल मोटरची कार्यक्षमता आयई2 या आंतरराष्ट्रीय कार्यक्षमता वर्गात 87.7 टक्के, तर त्यावरच्या आयई3 वर्गात 89.6 टक्के असते. फरक क्षुल्लक वाटतो, पण 4,000 तासांत सुमारे 530 युनिट वाचतात आणि ग्रिडच्या एका युनिटमागे 0.7 किलो धरल्यास सुमारे 370 किलो कार्बन डायऑक्साइड टळतो.

याहून मोठी गळती चुकीच्या निवडीत असते. ‘असू दे थोडा मोठा’ म्हणून घेतलेला पंप पुढे डिलिव्हरी व्हॉल्व्ह आवळून चालवला जातो आणि जादा दाब त्या व्हॉल्व्हमध्येच वाया जातो. त्याऐवजी आम्ही इम्पेलरचा (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकाचा) व्यास आपल्या गरजेनुसार कापून देतो. बंद वळशात पाणी फिरवताना मागणी बदलत असेल, तर व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) उपयोगी पडतो, कारण तेथे वेग 20 टक्क्यांनी कमी केला की लागणारी शक्ती जवळजवळ निम्मी होते. उंच टाकी भरण्यासाठी मात्र हा लाभ फारच कमी मिळतो आणि तेथे आम्ही व्हीएफडी सुचवत नाही, विक्री बुडाली तरी.

इम्पेलरभोवतीची फट झिजून वाढली की दाबाखालचे पाणी परत सक्शनकडे वळते आणि वीज वाया जाते. त्यासाठी केसिंगमध्ये (पंपाच्या बाहेरच्या कवचात) बदलता येणारी वेअर रिंग बसवली आहे; झीज झाल्यावर तेवढी रिंग बदलावी, केसिंग भंगारात घालू नये.

मागणी नोंदवताना प्रत्यक्ष हेड (पाणी किती उंच चढवायचे), डिस्चार्ज (ठरावीक वेळात किती पाणी हवे), पाइपचा व्यास आणि रोजचे तास कळवावेत. जुन्या पंपाच्या नेमप्लेटवरील आकडे त्यासाठी पुरेसे नसतात.