फझ-वाह पेडल, जपानी

फझ-वाह पेडल, जपानी : इलेक्ट्रिक गिटारचा सूर फाडून खरखरीत करणारे ‘फझ’ आणि पायाने पट्टी दाबत त्या सुराला ‘वाऽ’ असा उच्चार देणारे ‘वाह’, ही दोन्ही मंडले (सर्किटे) एकाच धातूच्या पेटीत बसवलेले उपकरण. जपानमध्ये ते १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तयार होऊ लागले.

वाह पेडल मूळचे अमेरिकेतले, १९६६ च्या सुमाराचे. जपानी फझची वंशावळ मात्र गुंतागुंतीची आहे. गिटार बनवणारी तेइस्को कंपनी १९६७ मध्ये कावाई या वाद्यनिर्मात्या कंपनीकडे गेल्यावर तिथून बाहेर पडलेल्यांनी ‘हनी’ ही कंपनी काढली, असे सामान्यतः मानले जाते. सुपर-फझ (सप्तक उमटवणारा फझ) आणि युनि-व्हाइब (सूर लहरता करणारे पेडल) यांच्या रचनेचे श्रेय फुमिओ मिएदा (पुढे कॉर्ग या वाद्यकंपनीचे अभियंते) यांना दिले जाते. १९६९ च्या सुमारास हनी बंद पडली आणि तिच्या रचना शिन-एई या जपानी कंपनीकडून बाहेर पडू लागल्या. त्यामुळे ‘हनी’चा शिक्का असलेली पेटी आधीची धरणे बरे, पण कंपॅनियन, युनिव्हॉक्स, अपोलो, जॅक्स, किम्बारा ही विक्रीची नावे आहेत, त्यांवरून कारखाना ठरवू नये. झाकण उघडून आतली सर्किटची पाटी पाहणे हाच खात्रीचा मार्ग. रोलंडचे ‘डबल बीट’ (१९७० चे दशक) हे या कुळाबाहेरचे.

सगळ्या पेट्यांतला फझ एकच नसतो. शिन-एईच्या एफवाय-२ या फझमध्ये दोनच ट्रान्झिस्टर असतात. आवाज पातळ, मधले सूर खचलेले. सुपर-फझमध्ये सहा. त्यातला एक सिग्नलच्या दोन उलट्या प्रती करतो, पुढची जोडी त्यांचे अर्धे-अर्धे भाग जोडते आणि वरचा सप्तक उमटतो. मग दोन जर्मेनियम डायोड लाटेचे माथे छाटतात. हा सप्तक नेक पिकअपवर (गिटारच्या मानेजवळच्या ध्वनिग्राहकावर), गिटारचा टोन कमी ठेवून, बाराव्या पडद्याच्या वर स्पष्ट ऐकू येतो. दोन तारा एकदम छेडल्या तर बेसूर गुरगुर होते. तो दोष नव्हे, मंडलाचा स्वभाव आहे.

खरा प्रश्न पेटीत फझ आधी की वाह आधी, या क्रमाचा. फझ आधी असेल, तर त्याने निर्माण केलेल्या उपस्वरांच्या दाट थरातून वाहचे शिखर (वाह उठाव देतो तो सुरांचा पट्टा) सरकते आणि उच्चार ठसठशीत होतो. वाह आधी असेल, तर फझ वाहचे चढउतार सपाट करतो. शिवाय फझच्या आत येणाऱ्या सिग्नलला होणारा रोध (इनपुट इम्पीडन्स) कमी असल्यास तो वाहच्या मंडलावर भार टाकतो आणि सरक (पट्टीबरोबर बदलणारा ‘वाऽ’) जवळजवळ मरते. सुटी पेडले वायर बदलून आलटून पालटून लावता येतात, इथे निर्मात्याने ठरवले तेच. जोडपेडलांची पंचाईत इथेच आहे.

दुरुस्तीत पहिली तक्रार पट्टी हलवताना येणाऱ्या खरखरीची. पट्टीखालची दातेरी दांडी ज्या पॉटचे (फिरवून रोध बदलणाऱ्या भागाचे) चाक फिरवते, त्याचा कार्बनचा थर झिजलेला असतो. स्वच्छकाने थोडे दिवस निभावते, मग पॉटच बदलावा. मात्र नवा लावताना दाते जुळवताना पट्टी टाचेकडे पूर्ण दाबून ठेवावी, नाहीतर सरक अर्ध्यातच संपते. सप्तक क्षीण वाटला, तर सुपर-फझमधल्या त्या जोडीतल्या दोन ट्रान्झिस्टरांची वर्धनक्षमता जुळत नाही असे समजावे. ९ व्होल्टची बॅटरी गळाली असेल, तर आधी तिच्या टोप्या आणि तारा तपासाव्यात. गंज तारेच्या आवरणाखाली सरकतो आणि बाहेरून तार धड दिसते.