रेल्वे आली, तरी गावं रिकामी का?

"रेल्वे आली की कोकणातला माणूस मुंबईला जायचा थांबेल," हे आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. आता नव्या महामार्गाबद्दलही तेच बोललं जातं. पण तसं घडलेलं नाही.

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली. त्यानंतरच्या जनगणना पाहा. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. याला रेल्वे कारणीभूत आहे असं मुळीच नाही. पण रुळांनी माणूस थांबला नाही, हे मात्र नक्की.

कारण रूळ दोन्हीकडे जातात. गावात काम नसेल तर तीच गाडी माणसाला लवकर मुंबईला पोचवते. मालाचंही तेच. रायगडमधल्या कोलाडला मालाने भरलेले ट्रक थेट रेल्वेच्या वाघिणींवर चढतात, ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये बसून राहतो आणि ट्रक उतरतो तो गोव्यात किंवा कर्नाटकातल्या सुरतकलला. मधलं कोकण नुसतं खिडकीतून दिसतं!

रेल्वे हवीच होती. गणपतीला घरी येणाऱ्या चाकरमान्याला विचारा. पण स्टेशनाजवळ शीतगृह, आंबा-काजूवर प्रक्रिया करणारे कारखाने, भरवशाची वीज आणि कर्ज देणारी बँक हे सगळं वेगळं उभारावं लागतं. ते रुळांमागून आपोआप येत नाही.